लोक येतात, बघतात आणि नोंदणी न करता जातात: आकडे वाचायचे कसे?

रेघोट्या

नमस्कार मंडळी,

मी चित्रकलेचे ऑनलाइन वर्ग घेते. वेबसाइट साधीच आहे: पहिलं पान, वर्गांची माहिती, कामाचे नमुने आणि नोंदणीचा फॉर्म. महिन्याला चारेक हजार लोक येतात, त्यातले शेकडा तीनच्या आसपास नोंदणी करतात. हे कमी आहे की ठीक, तेही मला कळत नाही.

साइट करून देणारा मुलगा म्हणतो, नोंदणीचं निळं बटण नारिंगी करू, दोन्हींची ए/बी टेस्ट लावू (म्हणजे निम्म्या लोकांना एक बटण, निम्म्यांना दुसरं), जे जिंकेल ते ठेवू. दुसऱ्या एकांनी सांगितलं, आधी बाउन्स रेट, म्हणजे आले तसे परत जाणाऱ्यांचं प्रमाण बघा. तो बघितला तर चक्रावले. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्सचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत, त्यात तो बराच जास्त होता. आता एकदम खाली आलाय. मधल्या काळात साइटवर मी काडीचाही बदल केलेला नाही. मग लोक अचानक रमायला लागले की काय?

बघायचं काय आणि सुरुवात कुठून करायची? आकड्यांच्या बाबतीत मी ढ आहे, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

नाकासमोर

नारिंगी करून टाका. छान दिसतं. :)

(जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.)

दुर्बीण

ताई, लोक रमले वगैरे काही नाही, मोजपट्टी बदलली. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं थांबवलं. त्यात माणूस एकच पान बघून दुसरं काहीही न करता गेला की झाला बाउन्स, मग त्याने ते पान वीस मिनिटं मन लावून वाचलेलं का असेना. आताच्या आवृत्तीत, म्हणजे जीए-फोरमध्ये, भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं बघितली गेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची घटना घडली, यातलं एक जरी झालं तरी ती भेट 'गुंतलेली' धरतात. बाकी उरतात ते बाउन्स. दहा सेकंद म्हणजे पान नुसतं उघडं ठेवून दुसरीकडे बघायचा वेळ! आकडा खाली येणारच. जुना आणि नवा शेजारी ठेवून काहीही निष्कर्ष काढू नका.

रंगाबिंगाच्या आधी एक काम करा: मोजणी बरोबर होतेय का ते तपासा. नेहमी सापडणाऱ्या गोष्टी सांगतो.

ट्रॅकिंगचा कोड दोनदा बसलेला असतो, एकदा साइटच्या थीममध्ये आणि एकदा टॅग मॅनेजरमधून (असे कोड बसवायचं गूगलचं साधन). मग प्रत्येक पान दोनदा मोजलं जातं. तुम्ही स्वतः आणि तो डेव्हलपर दिवसभर साइटवर असता, त्या भेटी गाळलेल्या नसतात. फी भरायला माणूस पेमेंटच्या पानावर जाऊन परत आला की तो त्या पेमेंट कंपनीने पाठवलेला पाहुणा म्हणून नोंदला जातो, आणि तुम्हाला वाटतं, अरे वा, तिकडून फार लोक येतात! आणि 'डायरेक्ट' या खात्यात जे दिसतात ते सगळे पत्ता टाइप करून आलेले नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिंक पाठवली आणि त्यावरून लोक आले, तर ते बहुधा तिथेच जाऊन पडतात. स्वतः लिंक पाठवताना तिला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी, लिंकच्या शेवटी लावायची खूण) जोडत जा, म्हणजे निदान तेवढं तरी वेगळं दिसेल. (अवांतर: यूटीएममधला यू म्हणजे अर्चिन. गूगलने २००५ साली अर्चिन विकत घेतलं आणि त्यातून गूगल अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. कंपनी गेली, अद्याक्षर राहिलं.) मात्र स्वतःच्या साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम लावू नका. माणूस मुळात कुठून आला ती नोंद त्याने गढूळ होते.

खटपट्या

दुर्बीण यांचे मुद्दे बरोबर, पण हे सगळं स्वच्छ करत बसलात तर वर्ष जाईल. टेस्ट लावायला हरकत काय? लहान बदलातून मोठा फायदा झाल्याची उदाहरणं पैशाला पासरी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनमध्ये २०१२ साली जाहिरातीचा मथळा दाखवायची पद्धत थोडी बदलली, म्हणजे मजकुराची पहिली ओळ मथळ्यालाच जोडली, एवढंच. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर. ती कल्पना कित्येक महिने यादीत तळाशी पडून होती, कारण कुणालाच त्यात दम वाटत नव्हता. टेस्ट केली म्हणून कळलं.

२००८ ची ओबामांची प्रचारमोहीम घ्या. नोंदणीच्या पानावर चार बटणं आणि सहा फोटो-व्हिडिओ यांच्या चोवीस जोड्या लावून बघितल्या. मोहिमेतल्या लोकांची भिस्त व्हिडिओवर होती. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ मागे पडले. कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' असं साधं बटण जिंकलं. नोंदणी ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर गेली. आपलं मत बाजूला ठेवून लोकांना विचारायचा हाच एक मार्ग आहे.

शंकासुर

खटपट्या, ओबामांच्या त्या प्रत्येक जोडीच्या वाट्याला १३ हजारांच्या आसपास लोक आले होते, हे सांगायचं राहिलं. रेघोट्याताईंकडे महिन्याचे सगळे मिळून चार हजार आहेत.

ताई, हिशोब मांडून दाखवतो, घाबरू नका. एका बाजूला किती माणसं लागतील याचा ढोबळ ठोकताळा असा: सध्याचं प्रमाण गुणिले (१ वजा ते प्रमाण), गुणिले १६, आणि जेवढा फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागायचं. म्हणजे खोटा विजय जाहीर व्हायची शक्यता ५ टक्क्यांवर राहते आणि खरा फरक असेल तर तो ८० टक्के वेळा सापडतो.

तुमचं प्रमाण ३ टक्के. नारिंगी बटणाने ते ३.३ झालं, म्हणजे दहा टक्क्यांची वाढ झाली असं समजा. बटणाच्या रंगाने एवढं झालं तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. तर फरक ०.००३. उत्तर येतं प्रत्येक बाजूला सुमारे ५२ हजार, दोन्ही मिळून लाखाच्या वर. तुमच्या गर्दीने दोन वर्षं उलटून जातील. तोवर बटणच काय, अख्खी साइट बदललेली असेल.

उलट बदल इतका जबर असेल की ३ चे ४.५ होतील, तर एका बाजूला दोन हजारांच्या थोडं वर पुरतात. म्हणजे महिना-सव्वा महिना. तेव्हा लहान साइटने टेस्ट करायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. करायची तर मोठ्या बदलाची करा: फॉर्म अर्धा करा, फी आधी दाखवा, मांडणीच वेगळी ठेवून बघा. रंग नको.

आणि बिंगचं म्हणाल, तर ती वाढ दिसली तेव्हा आधी त्यांच्याकडे धोक्याची घंटा वाजली होती. एवढी वाढ म्हणजे बहुधा मोजणीतच घोळ, असं तिथे गृहीत धरतात. यालाच ट्वायमनचा नियम म्हणतात: जो आकडा फार मजेशीर दिसतो तो सहसा चुकीचा असतो. यावेळी तो खरा निघाला, म्हणून गोष्ट झाली.

उंटावरचा_शहाणा

एक शंका. लाखभर माणसांची वाट कशाला बघायची? आठवड्याने बघायचं, नारिंगी पुढे असेल तर थांबवायचं. नसेल तर अजून एक आठवडा.

शंकासुर

हीच तर मेख आहे. दोन्ही बटणं हुबेहूब सारखी ठेवलीत तरी आकडे खालीवर होत राहतात. एकदाच, ठरलेल्या वेळी बघितलंत तर खोटा विजय दिसायची शक्यता ५ टक्के. दहा वेळा डोकावून 'पुढे दिसलं की थांबू' असं केलंत तर तीच शक्यता १९ टक्क्यांच्या घरात जाते. पाचात एकदा फसगत. आधी माणसांची संख्या ठरवा, कागदावर लिहा, तोवर निकालाचं पान उघडू नका. पूर्ण आठवडे धरा, कारण रविवारचा पाहुणा आणि मंगळवारचा पाहुणा एकसारखा वागत नाही. मधेच बघितलं तरी चालेल अशा वेगळ्या सांख्यिकी पद्धती आहेत, पण त्या हिशोबातच तशा मांडाव्या लागतात.

बघायचंच असेल तर फक्त एक बघा, वाटणी नीट होतेय का. निम्मे-निम्मे वाटायला सांगितलं आणि समजा दहा हजारांत ५,२०० आणि ४,८०० झाले, तर हा योगायोग नव्हे. कुठेतरी एका बाजूचं पान उशिरा उघडतंय, तुटतंय किंवा बॉट (माणसाऐवजी आपोआप फिरणारे प्रोग्रॅम) शिरलेत. ती टेस्ट सरळ टाकून द्यायची, निकाल कितीही गोड असला तरी.

खटपट्या

मान्य आहे हो, पण तुमच्या या नियमाने लहान माणसाने काहीच करायचं नाही असं होतं. मोठ्यांकडे तरी काय सगळं यशस्वी होतं? मायक्रोसॉफ्टच्या लोकांनीच लिहून ठेवलंय की त्यांच्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश फायद्याच्या निघतात, एक तृतीयांशांनी काही होत नाही आणि उरलेल्यांनी नुकसान होतं. मग आपण अंदाजाने केलेले बदल तरी कशाच्या जोरावर करायचे?

दुर्बीण

दोघंही थांबा जरा. ताईंची माणसं नेमकी कुठे गळतात हेच आपल्याला माहीत नाही, आणि इथे टेस्टवरून जुंपली आहे.

रेघोट्या, अ‍ॅनालिटिक्समध्ये एक्सप्लोअरमध्ये जाऊन फनेल बनवा, म्हणजे कोणत्या पायरीवर किती माणसं उरतात ते दिसेल. पायऱ्या: वर्गांचं पान बघितलं, फॉर्मचं पान उघडलं, फॉर्म भरायला सुरुवात केली, नोंदणी झाली. शेवटची पायरी 'धन्यवाद'च्या पानावरून मोजा. फॉर्म सबमिटची जी घटना आपोआप नोंदली जाते तिच्यावर विसंबू नका. बटण दाबलं आणि फॉर्मने परत पाठवलं तरी ती कधीकधी नोंदली जाते. मग तेच मोबाइल आणि डेस्कटॉप असं फोडून बघा. एकूण सरासरी बघून काही कळत नाही. मोबाइलवर नोंदणीचं प्रमाण कमी असेल, तर मोबाइलवाले वाढले की दोन्हीकडचं प्रमाण जिथल्या तिथे राहूनही एकूण आकडा घसरतो, आणि आपण उगाच कारणं शोधत बसतो.

रेघोट्या

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार.

फनेल केलं (मुलाने करून दिलं). गंमत बघा. डेस्कटॉपवर फॉर्म भरायला घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण पूर्ण करतात. मोबाइलवर भरायला घेणारे भरपूर आहेत, पण पुढे पोचणारे फारच थोडे. आणि माझ्याकडे मोबाइलवालेच जास्त येतात.

फॉर्ममध्ये फक्त तीन रकाने आहेत: नाव, फोन, कोणता वर्ग. यात अवघड काय आहे?

नाकासमोर

मोबाइलवर साइट हळू चालत असेल.

दुर्बीण

हळू असती तर लोक फॉर्मपर्यंत आलेच नसते. तरी गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर वेग तपासून घ्या, फुकट आहे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी आणि पान वाचताना मजकूर उड्या मारू नये, या तीन गोष्टी त्यात येतात. वरच्या भागात खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे असतात, ते बघा. खालचा तो मोठा गोल गुण प्रयोगशाळेतला आहे, त्यावरून झोप उडवून घेऊ नका. साइटची वर्दळ कमी असेल तर वरचा भाग रिकामाही दिसेल.

पण मला वाटतं दुखणं फॉर्मच्या आतच आहे. भेटींचं रेकॉर्डिंग करणारी साधनं असतात, मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी फुकट आहे. मोबाइलवरच्या काही भेटी बघा.

कुलूपकिल्ली

रेकॉर्डिंग लावण्याआधी: लोकांना सांगा आणि त्यांची संमती घ्या. फॉर्ममधली अक्षरं झाकलेलीच राहू द्यात, ती उघडी करण्याची सोय असली तरी करू नका. युरोपातून कुणी शिकायला येत असेल तर २०१८ पासून तिथे जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. संमती नाकारणारे मोजणीत येणार नाहीत आणि आकडे कमी दिसतील, ते सोसायचं. तसेही ते पूर्ण कधीच नसतात. सफारी ब्राउझर तर साइटच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (आलेल्या माणसाला ओळखायची खूण) सात दिवसांत पुसतो, त्यामुळे दहा दिवसांनी परत आलेला माणूस 'नवा' म्हणून मोजला जातो.

रेघोट्या

संमतीची पट्टी लावली, मग क्लॅरिटी लावलं. अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे कोण काय लिहितंय ते कळत नाही. पण एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतोय. लोक नाव लिहितात, फोन लिहितात, बटण दाबतात. काही होत नाही. परत वर जातात, नाव खोडतात, परत लिहितात, बटण दाबतात. एका बाईंनी तर बटणावर तडातडा बोटं आपटली. मग गेल्या. मला फार वाईट वाटलं हो ते बघून.

मी स्वतः मोबाइलवर भरून बघितलं तर व्यवस्थित जातंय.

कीबोर्डकर

तुम्ही नाव इंग्रजीत लिहिलंत की मराठीत?

रेघोट्या

इंग्रजीत. का?

कीबोर्डकर

आता फोनचा कीबोर्ड मराठी करा आणि नावाच्या रकान्यात आधी 'कमल' लिहा. मग 'सीमा' लिहा. मग 'विनय'. काय होतं ते इथे सांगा. नंतर फोन नंबर देवनागरी आकड्यांत टाकून बघा.

रेघोट्या

!!!

कमल चालतं. सीमा चालत नाही. विनय चालत नाही. गणेश नाही, अमर चालतं. चुकीचा संदेश दिसतच नाही, कारण तो फॉर्मच्या वरच्या कडेला येतो आणि तोवर पान खाली सरकलेलं असतं. देवनागरी आकड्यांत फोनही घेत नाही. ही काय जादू आहे?

कीबोर्डकर

जादू नाही, बऱ्याच ठिकाणी बघितलंय. तुमच्या मुलाने चांगल्या मनाने 'नावात फक्त अक्षरं असावीत' अशी अट टाकली असणार, आणि तीही युनिकोडवाली (युनिकोड ही सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची संगणकातली यादी), म्हणजे मराठीचा विचार केलाय बिचाऱ्याने. पण युनिकोडच्या हिशोबात क, म, ल ही 'अक्षरं' आहेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही मात्र 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात येतात. अट फक्त अक्षरांची असेल तर बिनमात्रेचीच नावं आत जातात. त्याचं स्वतःचं नाव अमर किंवा शरद असं काही आहे का बघा. ;)

अटीत चिन्हांचा वर्गही घालायचा. खरं तर नावाला अट घालूच नये, रिकामं नाही ना एवढं बघावं. आडनावात टिंब असतं, मधे जागा असते, जोडरेघ असते.

फोनचं असं की ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधला 'आकडा' ओळखणारा पॅटर्न फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो. सर्व्हरवर वापरतात त्या पायथॉन ३ मध्ये तोच पॅटर्न देवनागरी अंकही घेतो. म्हणून सर्व्हरवर चालतं आणि ब्राउझरमध्ये अडतं, असाही प्रकार होतो. आल्या आल्या देवनागरी अंकांचे इंग्रजी करून घ्या आणि मग तपासा. मधल्या जागा आणि रेघा गाळून टाका. या रकान्यासाठी आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं सांगून ठेवता येतं, तेही करा. चुकीचा संदेश त्या त्या रकान्याच्या खालीच दाखवा.

रेघोट्या

त्याचं नाव सांगत नाही, पण मात्रा नाही त्यात. :))

डेस्कटॉपवर लोक बहुधा इंग्रजीत लिहितात म्हणून तिकडे अडत नव्हतं, असं दिसतंय. उद्या दुरुस्त होईल. याचीही ए/बी टेस्ट लावू का? म्हणजे निम्म्यांना जुना फॉर्म, निम्म्यांना नवा?

शंकासुर

अजिबात नको! निम्म्या लोकांना मुद्दाम तुटका फॉर्म द्यायचा? ज्याचं उत्तर माहीत आहे त्याची टेस्ट घेत नाहीत. सरळ दुरुस्त करा.

खटपट्या

यावर मात्र शंकासुरांशी सहमत. (नोंद घ्यावी.)

पण परिणाम किती झाला हे कळायला हवं ना? आधी आणि नंतर एवढंच बघितलं तर सुट्ट्या लागल्या म्हणून नोंदणी वाढली की फॉर्ममुळे, ते कसं सांगणार? तुमच्या कडक नियमांत हे बसतं का?

शंकासुर

बसवावं लागतं. डेस्कटॉप इथे आपोआप तुलनेला मिळालाय. सुट्ट्यांमुळे वाढ झाली तर दोन्हीकडे होईल, फॉर्ममुळे झाली तर मोबाइलवर उडी दिसेल आणि डेस्कटॉप जागेवर राहील. पक्का पुरावा नव्हे, पण इतकी मोठी गळती होती की एवढ्याने भागेल. दुरुस्ती ज्या दिवशी चढवाल ती तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात दुसरं काही बदलू नका. नारिंगी बटणही नको.

दुर्बीण

आणखी एक: यापुढे फॉर्म कुणाला परत पाठवतो तेव्हा तशी घटना अ‍ॅनालिटिक्सला कळवा, कोणता रकाना अडला एवढंच. रकान्यात काय लिहिलं होतं ते पाठवायचं नाही, नाव आणि फोन तिथे जाता कामा नयेत. हे आधीपासून असतं तर एका दिवसात सापडलं असतं.

आणि ओळखीतल्या चार-पाच जणांच्या हातात त्यांचाच फोन देऊन 'नोंदणी करून दाखवा' म्हणा. मधे बोलायचं नाही, मदत करायची नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांत बहुतेक अडचणी बाहेर येतात. त्या आकड्यावर नंतर वाद झाले, पण तुमच्या तीन रकान्यांच्या फॉर्मला पाच जण पुष्कळ झाले.

खटपट्या

रंगाची टेस्ट मी तरीही सोडलेली नाही. गर्दी वाढली की बघू.

रेघोट्या

फॉर्म दुरुस्त केला. आता सीमा, विनय, गणेश सगळे आत जातात. तारीख लिहून ठेवली आहे.

एक शेवटचं विचारते. मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करावी म्हणून फनेलमध्ये तारीख मागे न्यायला गेले, तर दोन महिन्यांच्या पलीकडे काही दिसतच नाही. डेटा उडाला का?

दुर्बीण

एक्सप्लोअरमधला तपशील मूळ सेटिंगप्रमाणे दोनच महिने ठेवला जातो. अ‍ॅडमिनमध्ये डेटा रिटेन्शनमध्ये जाऊन तो चौदा महिने करा, फुकटच्या खात्यात त्याहून जास्त मिळत नाही. आजच करा, कारण पुसलेलं परत येत नाही. नेहमीच्या तयार रिपोर्टांना ही मुदत लागू नाही. तिथे मागच्या वर्षीचे मोबाइल-डेस्कटॉपचे आकडे आणि 'धन्यवाद'चं पान किती वेळा उघडलं गेलं ते मिळेल. तुमच्या तुलनेला तेवढं पुरे.